चुंदीच्या गोधडीचं भोक

"कुणी नेला? कुणी नेला माझा तुकडा? नेणाऱ्याला लाज नाही वाटली? खाली पिल्लं झोपलीत, दिसलं नाही? थंडीच्या दिवसांत दुसऱ्याची गोधडी फोडतात का कुणी?"

कोण ओरडतंय? चुंदी ओरडतेय.

चुंदी म्हणजे चिचुंद्री. एवढुश्शी. नाक लांब. शेपटी लांब. आवाज त्याहून लांब.

"चुं चुं चुं! कुणी नेला?"

चुंदीनं पिल्लांसाठी गोधडी शिवली होती. केवढी? तळहाताएवढी. लाल तुकडा, निळा तुकडा, ठिपक्यांचा तुकडा, रेघांचा तुकडा. आणि मधोमध एक कोरा करकरीत तुकडा.

झोपताना तुकडा होता. उठून बघते, तर नाही!

मधोमध भोक. एवढं मोठ्ठं.

भोकातून वारा आला. सूंऽऽऽ!

वारा कुणाला लागला? शेंडेफळाला. शेंडेफळ म्हणजे सगळ्यात धाकटं पिल्लू. ते बरोबर मध्ये झोपायचं. त्याचं नाक गार. त्याचं पोट गार. त्याचे पाय गार गार गार.

"आऽऽऽक्छी!"

चुंदी म्हणाली, "बास! मी रडत बसणार नाही. मी तुकडा आणणार. आजच आणणार. आत्ताच निघणार!"

तिनं गोधडीची घडी केली. घडी पाठीवर टाकली.

"चला रे, शेपट्या धरा!"

पहिल्या पिल्लानं आईची शेपटी धरली. दुसऱ्यानं पहिल्याची धरली. तिसऱ्यानं दुसऱ्याची धरली. आणि शेवटी शेंडेफळ लोंबकळलं.

निघाली चुंदी. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

बिळाच्या वर, अंगणात हौसामावशी बसली होती. हौसामावशी अख्ख्या गावाच्या गोधड्या शिवायची. मांडीवर गोधडी. नाकावर चष्मा. शेजारी चिंध्यांची टोपली. सुई वर, सुई खाली. सुळ्ळ! सुळ्ळ!

चुंदी म्हणाली,

"मावशी मावशी, चिंधी दे!
गोधडीचं भोक बुजेना,
शेंडेफळाची थंडी जाईना!"

मावशीनं चष्मा वर केला.

"काय बाप्पा! एवढीशी तू, आणि एवढी ओरडतेस काहून?"

"माझा तुकडा चोरला!"

"कुणी?"

"ते माहीत नाही. पण चोरला!"

मावशीनं गोधडी हातात घेतली. भोकात बोट घातलं. टाके बघितले. आणि हसली.

"चोरला नाही गं. पळाला!"

"पळाला?"

"कापड कोरंच शिवलंस ना? भिजवलं नाहीस ना?"

"नाही. मला घाई होती."

"मग! दव पडलं, बिळात झिरपलं. कापड भिजलं. भिजलं तसं आकसलं. आकसलं तसे टाके तुटले. तट्! तट्! तट्! आणि वाऱ्यानं तुकडा नेला. भुर्रर्र!"

चुंदीचं नाक खाली गेलं. थोडंसंच खाली गेलं. मग परत वर आलं.

"मग दुसरी चिंधी दे. बाळाच्या गोधडीला चिंधी मागितली, तर नाही म्हणायचं नसतं."

"नाहीच म्हणत मुळी," मावशी म्हणाली. तिनं टोपलीत हात घातला. एक कापड काढलं. गव्हाच्या रंगाचं. "हे बघ. उभा धागा कापसाचा, आडवा धागा जवसाचा. कापूस मऊ. जवस दणकट. दोघं मिळून झकास."

"जवस? चटणीतला?" पहिल्या पिल्लानं विचारलं. विचारताना आईची शेपटी सुटली. त्यानं पटकन पुन्हा धरली.

"तोच! बी चटणीत, धागा कापडात."

"दे मग!" चुंदी म्हणाली.

"अगं, पण हेही कोरंच. हात लावून बघ. ताठ आहे ना? भिजेल तेव्हा आकसेल. आकसेल तेव्हा मऊ होईल. मऊ होईल तेव्हा शिवायचं. कोरं कापड मी कुणाला देत नाही. बादलीत पाणी हवं. आधी बादली, मग मी!"

"आऽऽऽक्छी!" शेंडेफळ शिंकलं.

"बघतेच त्या बादलीला," चुंदी म्हणाली. तिनं गोधडी परत पाठीवर टाकली. "धरा शेपट्या!"

निघाली चुंदी. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

बादली कुठे होती? न्हाणीच्या दारात. पालथी. बूड वर, तोंड खाली.

चुंदीनं बुडावर टकटक केलं. टण् टण्!

"बादलीबाई बादलीबाई, पाणी भर!
मावशी चिंधी देईना,
गोधडीचं भोक बुजेना,
शेंडेफळाची थंडी जाईना!"

बादली आतून बोलली. तिचा आवाज घुमला. "कोऽऽण आहेऽऽ?"

"मी चुंदी!"

"मी नाही येत जा! हापशाखाली किती वेळ उभी राहिले. वाट बघून बघून कान दुखले. पाण्याचा थेंब नाही! आधी हापसा, मग मी!"

"तुला कान आहेत?" दुसऱ्या पिल्लानं विचारलं.

"दोन आहेत. त्यांत कडी असते," बादली फणकाऱ्यानं म्हणाली. "आता जा!"

"आऽऽऽक्छी!"

"जाते," चुंदी म्हणाली. "पण तू उलटी हो. तोंड वर करून बस. पाणी येणार आहे."

"येणार आहे म्हणे!" बादली म्हणाली. आणि पालथीच राहिली.

निघाली चुंदी. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

हापसा कुठे होता? रस्त्याच्या कडेला. उंच, लोखंडी, गंजलेला. दांडा वर करून उभा.

चुंदी म्हणाली,

"हापसेबुवा हापसेबुवा, पाणी द्या!
बादली भरेना,
मावशी चिंधी देईना,
गोधडीचं भोक बुजेना,
शेंडेफळाची थंडी जाईना!"

हापसा कण्हला. "कुईंऽऽऽ! कुईंऽऽऽ!"

"काय झालं?"

"सांधे धरलेत गं पोरी. पाणी पोटात आहे. पण दांडा हलत नाही. वर करू? कुईंऽऽऽ! खाली करू? कुईंऽऽऽ!"

"मग काय हवं?"

"तेल हवं. थेंबभर तेल. ताजं. घाण्यावरचं. आधी घाणा, मग मी!"

"थेंबभरच?"

"थेंबभरच. पण तेवढाही कुणी देत नाही. येतात, दांडा हलवतात, मला शिव्या देतात, आणि जातात."

"आऽऽऽक्छी!"

"मी शिव्या देणार नाही," चुंदी म्हणाली. "मी तेल देणार. थांबा इथंच!"

"मी कुठे जाणार?" हापसा म्हणाला. "कुईंऽऽऽ!"

निघाली चुंदी. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

घाणा कुठे होता? चिंचेखाली. लाकडी घाणा, गोल गोल फिरणारा. पण आज तो फिरत नव्हता. शेजारी बाजेवर दौलतकाका बसले होते. घाणा त्यांचा होता. ते जांभया देत होते. आऽऽऽह!

चुंदी म्हणाली,

"काका काका, तेल द्या!
हापसा हलेना,
बादली भरेना,
मावशी चिंधी देईना,
गोधडीचं भोक बुजेना,
शेंडेफळाची थंडी जाईना!"

काकांनी इकडे बघितलं. कुणी नाही. तिकडे बघितलं. कुणी नाही. खाली बघितलं.

"अरेच्चा! ही कोण? आगगाडी?"

"आगगाडी नाही. मी चुंदी. आणि ही माझी पिल्लं."

"तेल हवंय होय? हे बघ." काकांनी डबा उलटा केला. ठण्ण! रिकामा. "घाण्यात जवस भरून ठेवलाय. घाणा फिरला, तर तेल निघेल."

"जवस? कापडातला?" तिसऱ्या पिल्लानं विचारलं.

"तोच. काडीतून धागा, बीतून तेल."

"मग फिरवा ना घाणा!" चुंदी म्हणाली.

"मी? मी काय बैल आहे? बैल तो बघ तिकडे. सकाळपासून बसलाय. उठ म्हटलं, उठत नाही. चल म्हटलं, चालत नाही. आधी बैल, मग मी!"

"मी उठवते त्याला."

काका खो खो हसले. पोट धरून हसले. "वा गं वा! मुठीत मावेल एवढी चिचुंद्री, आणि बैल उठवणार म्हणे!"

"मुठीएवढी आहे," चुंदी म्हणाली. "पण उठवणार!"

"आऽऽऽक्छी!"

काकांचं हसू थांबलं. ते म्हणाले, "पिल्लू गारठलंय गं."

"म्हणूनच तर आलेय," चुंदी म्हणाली.

निघाली चुंदी. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

बैल कुठे होता? गोठ्यासमोर. मोठ्ठा बैल. कपाळावर पांढरा चांद. म्हणून त्याचं नाव चांद्या. चांद्या डोळे मिटून बसला होता.

त्याचं नाक चुंदीएवढं. नाही, नाही. त्याची एक नाकपुडी चुंदीएवढी!

चुंदी घाबरली का? छे! ती सरळ नाकासमोर उभी राहिली.

"चांद्यादादा चांद्यादादा, ऊठ ना!
घाणा फिरेना,
हापसा हलेना,
बादली भरेना,
मावशी चिंधी देईना,
गोधडीचं भोक बुजेना,
शेंडेफळाची थंडी जाईना!"

चांद्यानं एक डोळा उघडला. "हम्म्म्म!"

त्याच्या श्वासानं पिल्लांची रांग हलली. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

"मला आळशी म्हणायला आलीस?" चांद्यानं विचारलं. "सगळे म्हणतात."

"नाही. मी विचारायला आले. का उठत नाहीस?"

चांद्यानं दुसरा डोळाही उघडला. असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"खांदा बघ माझा," तो म्हणाला.

चुंदी खांद्यावर चढली. पिल्लंही चढली. सुर्रर्र, वर!

खांद्यावर एक लाल लाल जागा होती. छोटीशीच. पण सोललेली.

"जू घासतं गं," चांद्या म्हणाला. "चालायला लागलो, की घासतं. घासलं, की आग होते. मऊ चिंधी दे. खांद्यावर ठेवतो, जुवाच्या खाली. मग उठतो. चिंध्या मावशीकडे असतात. आधी मावशी, मग मी!"

"मावशी?"

"हौसामावशी."

"बरं!" चुंदी म्हणाली. "धरा शेपट्या!"

निघाली चुंदी. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

मावशी तिथंच होती. सुई वर, सुई खाली. सुळ्ळ! सुळ्ळ!

चुंदीला धाप लागली होती. तरी ती म्हणाली,

"मावशी मावशी, चिंधी दे!
बैल उठेना,
घाणा फिरेना,
हापसा हलेना,
बादली भरेना,
मावशी चिंधी देईना,
गोधडीचं भोक बुजेना,
शेंडेफळाची थंडी जाईना!"

मावशीची सुई थांबली.

"चांद्याला चिंधी हवी? अगं, धुतलेल्या चिंध्या संपल्या. उरलेलं सगळं कोरं. हे ताठ कापड त्याच्या खांद्यावर ठेवू? त्याला अजून घासेल. भिजल्याशिवाय नाही देणार. आधी बादली, मग मी!"

"आधी बादली?" चुंदी म्हणाली.

आणि बोटांवर मोजायला लागली.

पिल्लं बघत राहिली.

मावशी म्हणते, आधी बादली. बादली म्हणते, आधी हापसा. हापसा म्हणतो, आधी घाणा. घाणेवाले काका म्हणतात, आधी बैल. बैल म्हणतो, आधी मावशी. आणि मावशी म्हणते, आधी बादली!

गोल! सगळं गोल गोल! घाण्यासारखं गोल!

जो तो म्हणतो, आधी दुसरा. पहिलं कुणी व्हायचंच नाही?

"आऽऽऽ... आऽऽऽ... आऽऽऽक्छी!"

या वेळी शेंडेफळ जोरात शिंकलं. इतकं जोरात, की तिसऱ्याची शेपटी सुटली. शेंडेफळ कोलांटी खाऊन पडलं. गोल गोळा. थरथर, थरथर.

चुंदीनं त्याला उचललं. छातीशी धरलं. त्याच्या नाकावर आपलं नाक घासलं.

मग ती ताठ उभी राहिली.

"ठरलं," ती म्हणाली. "पहिली मी!"

"तू काय करणार?" मावशीनं विचारलं.

"माझ्याकडे आहे ना मऊ कापड."

"कुठंय?"

"पाठीवर!"

पाठीवर काय होतं? गोधडी! भोकाची, पण मऊ. लाल, निळी, ठिपक्यांची, रेघांची. सगळे तुकडे जुने. धुऊन धुऊन लोण्यासारखे मऊ.

"ही आमची गोधडी!" पहिलं पिल्लू ओरडलं.

"आमचीच," चुंदी म्हणाली. "पण घाणा फिरून होईपर्यंत चांद्याची."

"आणि परत नाही मिळाली तर?"

चुंदीनं पिल्लाकडे बघितलं. तिला हे माहीत नव्हतं. एकच गोधडी होती. दुसरी नव्हती.

"मिळेल," ती म्हणाली. "मी मागेन. मला मागता येतं."

निघाली चुंदी. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. या वेळी सगळ्यांत जोरात!

"चांद्यादादा! मावशी चिंधी देईना. पण मी गोधडी देते!"

"एवढीशी?" चांद्या म्हणाला.

"तुझं दुखतं तेही एवढंसंच!"

चुंदी खांद्यावर चढली. गोधडी पसरली. आणि काय झालं, माहितीये?

लाल जागा कुठे आली? बरोब्बर भोकात! मध्ये लाल जागा. भोवती मऊ मऊ गोधडी. चांद्यानं शेजारचं जू खांद्यावर घेतलं. जू गोधडीवर टेकलं. दुखऱ्या जागेला लागलंच नाही. मुळीच नाही!

चांद्यानं खांदा हलवला. दुखलं? नाही! पुन्हा हलवला. दुखलं? नाही!

"हम्म्म्मा!" चांद्या म्हणाला.

आणि बैल उठला!

दौलतकाका बाजेवरून पडता पडता राहिले. "उठला? खरंच उठला?"

"उठला!" चुंदी म्हणाली. "काका, आता तुम्हीही उठा!"

काका उठले. चांद्या चालला. घाणा फिरला. कर्रर्र कर्रर्र! कर्रर्र कर्रर्र! जवस चिरडला. तेल आलं. आधी एक थेंब. मग धार. पिवळं पिवळं, सोन्यासारखं.

"घे गं बाई!" काका म्हणाले. "पण नेणार कशात?"

चुंदीनं शेपटी तेलात बुडवली. डुब्!

"अशी!"

"धरा शेपट्या!" ती म्हणाली. पहिलं पिल्लू शेपटी धरायला गेलं. सट्! निसटलं. पुन्हा धरली. सट्! शेपटी तेलकट ना!

"आज कान धर," चुंदी म्हणाली.

पहिल्यानं आईचा कान धरला. निघाली चुंदी. तुरुतुरु, ठिबक! तुरुतुरु, ठिबक!

"हापसेबुवा, तेल आलं!"

चुंदी दांड्यावर चढली. सांध्यात शेपटी फिरवली. इकडून एकदा. तिकडून एकदा.

"कुईंऽऽ... कुई... कु..."

आणि कुरकुर बंद!

हापसा हलला! खटॅक खटॅक! खटॅक खटॅक! पोटातून आवाज आला. गुडगुड गुडगुड! आणि पाणी आलं. भळाभळा, भळाभळा!

न्हाणीच्या दारात बादलीनं ऐकलं. "पाऽऽणी?" ती टुणकन उलटली. तोंड वर. धावत सुटली. ठण् ठण् ठण् ठण्!

बादली भरली! काठोकाठ.

बादली मावशीकडे आली. डुचमळत, डुचमळत. थोडं पाणी सांडलं. बाकीचं आलं.

"आणलं बाई पाणी!" बादली म्हणाली. "बाजूला व्हा सगळे!"

मावशीनं कापड पाण्यात टाकलं. बुड्! बुड्! बुड्! कापड पाणी प्यायलं. मावशी म्हणाली, "बघा आता." आणि कापड आकसलं. थोडं इकडून. थोडं तिकडून.

"आता तुझं आकसून झालं," मावशी कापडाला म्हणाली. "आता पळायचं नाही."

तिनं कापड पिळलं. झटकलं. फट्ट! उन्हात घातलं. थोडं वाळू दिलं. पण पूर्ण नाही हं!

"जवसाचा धागा मोठा हट्टी," मावशी म्हणाली. "पूर्ण वाळला, तर सुरकुती जात नाही. ओलसर असतानाच दाबायचं."

तिनं तांब्यात निखारे घातले. तांब्या गरम झाला. ओलसर कापडावर फिरवला. चुर्रर्र! वाफ आली. सुरकुती गेली.

चुंदीनं हात लावला. मघाशी ताठ होतं. आता मऊ!

"हम्म्म्मा!"

हे कोण आलं? चांद्या! त्याच्या शिंगाच्या टोकावर काय? गोधडी! चुंदीला मागावी लागलीच नाही.

"ही घे," चांद्या म्हणाला. "फाटली नाही. बघून घे."

चुंदीनं बघून घेतली. फाटली नव्हती. नुसता बैलाचा वास लागला होता.

मावशीनं कात्री घेतली. कच्! कच्! एक मोठी चिंधी चांद्याला. जाड घडी करून, खांद्यावर बांधून.

कच्! कच्! एक छोटी चिंधी चुंदीला.

"भोकापेक्षा मोठी कापली," मावशी म्हणाली. "ह्या कापडाच्या कडेचे धागे निसटतात. म्हणून कड आत दुमडायची. आता तू शीव."

"मी?"

"तुझी गोधडी. तूच शिवायची."

चुंदीनं सुई घेतली. कड आत दुमडली. टाका घातला. सुळ्ळ!

"फार घट्ट ओढू नको," मावशी म्हणाली.

सुळ्ळ! सुळ्ळ! पिल्लांनी चारी कोपरे धरले. सुळ्ळ! सुळ्ळ! आणि शेवटची गाठ. टुक्!

बैल उठला,
घाणा फिरला,
हापसा हलला,
बादली भरली,
मावशीनं चिंधी दिली,
आणि गोधडीचं भोक बुजलं!

दिवस मावळला. चुंदी बिळात आली. पिल्लं आडवी झाली. पहिलं, त्याला चिकटून दुसरं, त्याला चिकटून तिसरं. आणि बरोबर मध्ये शेंडेफळ. चुंदीनं वरून गोधडी घातली. लाल, निळी, ठिपक्यांची, रेघांची. आणि मधोमध गव्हाच्या रंगाचा तुकडा. उभा धागा कापसाचा, आडवा धागा जवसाचा.

वारा आला. सूंऽऽऽ!

वाऱ्यानं इकडून शोधलं. वाऱ्यानं तिकडून शोधलं. आत जायला जागाच नाही.

वारा गेला.

चुंदीनं कान दिला. शिंक येते का? नाही आली. थोडं थांबली. शिंक येते का? नाही आली.

चुंदीनं डोळे मिटले. शहाणी चुंदी. दमलेली चुंदी.

तेवढ्यात गोधडी हलली. एक छोटंसं नाक बाहेर आलं. लाल लाल, गरम गरम. आणि शेंडेफळ म्हणालं,

"आई, उकडतंय गं!"